ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात मिनिएचर रंगवताना

मे महिन्यात ग्वाल्हेरला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि ॲक्रिलिक रंग ब्रशवरच सुकतो. मिनिएचरच्या, म्हणजे छोट्या पुतळ्याच्या, चेहऱ्यावर खरखरीत थर बसतो, डोळे बिघडतात, मॉडेल अर्धवटच कपाटात जातं. यात बहुतेकदा हाताचा दोष नसतो, म्हणून खचू नका. झाकणाच्या पसरट डब्यात ओला स्पंज ठेवा, त्यावर बेकिंग पेपर अंथरून रंग घ्या. पाणी थेंबाथेंबाने घाला, रंग पातळ दुधासारखा होईपर्यंतच. कूलरचा झोत टेबलावर अजिबात नको.

चूक ओली असेल तर स्वच्छ, ओलसर ब्रशने लगेच टिपून घ्या. अर्धवट सुकलेल्या रंगाला मात्र हात लावू नका, त्याची सालपटं निघतात; पूर्ण वाळल्यावर मूळ रंगाचे दोन पातळ थर द्या. एका बैठकीत एकच भाग पुरे: आज पट्टे, उद्या बूट. डोळे सकाळी, ऊन चढायच्या आत.