बोलताना झालेली इंग्रजी चूक कशी दुरुस्त करावी: नागपूरच्या वर्गांसाठी

विद्यार्थी म्हणतो, "यस्टरडे आय गो टू सीताबर्डी." शिक्षक म्हणतात, "येस, यू वेंट टू सीताबर्डी. गुड." विद्यार्थी "येस सर" म्हणून खाली बसतो. शिक्षकाच्या हिशेबी चूक दुरुस्त झाली. विद्यार्थ्याला मात्र वाटतं की सरांनी आपलंच वाक्य पुन्हा म्हटलं, वर शाबासकीही दिली. उद्या तो परत "यस्टरडे आय गो" म्हणणार.

रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी 1997 मध्ये कॅनडातल्या, फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या प्राथमिक वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिक्षकांच्या निम्म्याहून जास्त दुरुस्त्या अशाच होत्या: मुलाचं वाक्य शिक्षकानेच नीट करून म्हणायचं. त्यांतल्या साधारण एक तृतीयांश वेळाच मुलांनी चुकीची काही दखल घेतली. याउलट शिक्षकाने वाक्य अर्धं सोडून मुलाकडून पूर्ण करून घेतलं, तेव्हा मुलाने दर वेळी प्रयत्न केला आणि जवळजवळ निम्म्या वेळा स्वतःच बरोबर केलं. आपल्या वर्गासाठी यातून एक कसोटी मिळते: बरोबर रूप विद्यार्थ्याच्या तोंडून आलं, तरच दुरुस्ती झाली असं धरायचं.

आधी वर्गाचं मन बघा

पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं काढा. कोऱ्या चिठ्ठ्या वाटा, नाव लिहू देऊ नका, उत्तरं मराठीत किंवा हिंदीत चालतील. प्रश्न पाच पुरे. चूक झाली की लगेच सांगावं, वाक्य संपल्यावर की तासाच्या शेवटी? सगळ्यांसमोर चालेल का? शिक्षकाने सांगावं, शेजारच्याने, की स्वतः शोधायला वेळ द्यावा? वर्गात कोणी इंग्रजी बोललं तर बाकीचे काय म्हणतात? आणि इंग्रजी नेमकं कशासाठी हवं: मिहानमधली (नागपूर विमानतळाजवळच्या उद्योगक्षेत्रातली) नोकरी, परीक्षा, मुलाखत, की आणखी काही?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं बहुधा शिक्षकाला चकित करतात. विद्यार्थ्यांना दुरुस्ती हवी असते, शिक्षक समजतात त्याहून जास्त. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांतही हेच दिसलं आहे. खरी गोम चौथ्या प्रश्नात आहे. "लय इंग्रजी झाडून राहिला", "मोठा साहेब झाला" अशा चिठ्ठ्या निघाल्या, तर तो वर्ग व्याकरणापायी गप्प बसलेला नाही. चुकलं तर हसतात आणि बरोबर बोललं तर टोमणा मारतात; मग पोरगं तोंड उघडेल कशाला?

नागपुरात याला आणखी एक पदर आहे. इथला विद्यार्थी घरी वऱ्हाडी किंवा नागपुरी वळणाची मराठी बोलतो आणि बाजारात गेला की आपसूक हिंदीवर येतो. "काय करून राहिला?" या बोलण्यावर पुण्या-मुंबईकडे हसतात, हे त्याला ठाऊक असतं. म्हणजे आपली भाषा अशुद्ध, हा शिक्का त्याने इंग्रजीच्या आधीच मराठीत खाल्लेला असतो. त्यामुळे शिक्षकाने वर्गात त्याच्या मराठीची चेष्टा केली, अगदी प्रेमाने का होईना, तर इंग्रजीचं दारही तिथंच बंद होतं. घरच्या बोलीला चूक म्हणू नका.

काही जण विचारतात, "सर, हिंदी तर कोणी न सुधारता आली, मग इंग्रजीला हे कशाले?" उत्तर सरळ द्या. हिंदी मराठीच्या शेजारची आहे आणि दिवसभर कानावर पडते. इंग्रजी बहुतेकांना फक्त तासापुरती भेटते. तेवढ्या वेळात चूक आपोआप विरघळत नाही, मुरते.

काय सुधारायचं, काय सोडायचं

एका तासाला दोनच प्रकारच्या चुका निवडा आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. बाकीच्या ऐकूनही सोडून द्यायच्या. प्राधान्य अर्थ बिघडवणाऱ्या चुकांना: काळाचा गोंधळ, "ही" आणि "शी"ची अदलाबदल, "स्नॅक्स"चं "स्नेक्स" होणं. त्यानंतर पुन्हा पुन्हा येणाऱ्या. एकदाच घसरलेली जीभ मोजू नका. तेच वाक्य दुसऱ्यांदा विचारलं की मूल स्वतः सावरतं.

इथे हमखास ऐकू येतं ते "आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग". त्याचं मूळ "मले समजून नाही राहिलं" या घडणीत आहे. "राहिलं" जिथे येतं तिथे विद्यार्थी "आयएनजी" लावतो, आणि बहुतेक क्रियापदांना ते बरोबरही बसतं. म्हणून नियम उलट्या बाजूने सांगा: नो, अंडरस्टँड, वाँट, बिलाँग आणि मालकीचं हॅव, या पाचांना "आयएनजी" लावायचं नाही. दुसरी नेहमीची चूक "व्हाय यू आर गोइंग?" मराठीत प्रश्न करताना शब्दांची जागा बदलत नाही, म्हणून ती होते. तिसरी "आय डिडन्ट वेंट"; भूतकाळ "डिड"मध्ये एकदा येऊन गेला, हे लक्षात येत नाही.

"कझिन ब्रदर", "प्रीपोन" वगैरेंच्या मागे लागू नका. भारतात ते सगळ्यांना कळतं. परदेशी मुलाखतीची तयारी असेल तेव्हा वेगळं सांगता येईल. उच्चाराचंही तेच: अर्थ पोचतो आहे तोवर मराठी वळण राहू द्या.

तिथल्या तिथे दुरुस्ती

नियमाचा सराव चालू असेल तेव्हाच लगेच दुरुस्त करा. वाक्य पूर्ण होऊ द्या. मग चुकीच्या शब्दाच्या अलीकडे थांबून वाक्य म्हणा, "यस्टरडे आय...", आणि गप्प राहा. मनात तीनपर्यंत मोजा. मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांत पाहिलं की शिक्षक उत्तरासाठी सरासरी सेकंदभरच थांबत. तीन सेकंद थांबू लागल्यावर उत्तरं लांब आणि भरीव झाली. इंग्रजी जुळवणाऱ्याला तर तो वेळ लागतोच.

तरी जमलं नाही तर खूण करा. अंगठा खांद्यामागे दाखवला की भूतकाळ. एका हाताची बोटं म्हणजे वाक्यातले शब्द; चुकलेल्या शब्दाचं बोट धरून हलवा, दोन शब्द उलटे पडले असतील तर दोन बोटं एकमेकांवरून फिरवा. खुणा चार-पाचच ठेवा आणि पहिल्याच दिवशी शिकवा, नाहीतर वर्ग नुसता बोटांकडे बघत बसतो. यानंतरही अडलं तर एका वाक्यात मराठीत नियम सांगा आणि संपूर्ण वाक्य त्याच्याकडून म्हणवून घ्या. "गुड" हा शब्द या वाक्यानंतर. चुकलेल्या वाक्यावर सवयीने निघणारं "गुड" सगळ्यात जास्त घोळ घालतं.

बोलणं रंगात असेल तर

जोड्यांत किंवा गटांत चर्चा चालू असताना मध्ये पडू नका. बारा मिनिटं बोलू द्या, वही घेऊन बाकांमधून फिरा, ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी टिपा. नावं टिपू नका. मग सहा वाक्यं फळ्यावर लिहा: चार चुकलेली, दोन बरोबर आणि छान, सरमिसळ करून. कोणती चुकली हे जोड्यांनी पाच मिनिटांत ठरवायचं. फक्त चुकाच मांडल्या तर मुलं प्रत्येक शब्दावर संशय घेतात. बरोबर वाक्यं असली की विचार करावा लागतो. वाक्यातला तपशील थोडा बदला, सीताबर्डीच्या जागी इतवारी लिहा, म्हणजे कोणाचं वाक्य हे ओळखू येणार नाही.

साठ जणांच्या वर्गात सगळ्यांचं ऐकणं होत नाही. दर तासाला दोनच रांगा घ्या.

हसण्याचा बंदोबस्त

"हसू नका" म्हणून भागत नाही. पहिल्या तासालाच ठरवा: जो हसेल त्याने तेच वाक्य नीट करून म्हणायचं. बहुतेकदा त्यालाही जमत नाही. तेव्हा त्याचीही फजिती करू नका, दोघांनी मिळून वाक्य पूर्ण करायचं. कॉलेजच्या वर्गात दुरुस्ती करताना "तुम्ही" म्हटलं तरी बोलण्याची धार कमी होते. आणि कॉन्व्हेंटमधून आलेल्याला कायमचा पंच करू नका. जिल्हा परिषद शाळेच्या मुलाला त्याच्याकडून सतत सुधारून घेणं शिक्षकापेक्षा जास्त झोंबतं.

स्वतःची तपासणी

महिन्यातून एकदा मोबाइल टेबलावर ठेवून पंधरा मिनिटं आवाज मुद्रित करा. वर्गाला तसं आधी सांगा, ऐकून झालं की पुसून टाका. कागदावर तीन रकाने आखा: मीच बरोबर वाक्य म्हटलं, विद्यार्थ्याकडून काढून घेतलं, सोडून दिलं. पहिल्या दोन रकान्यांत प्रत्येक नोंदीपुढे विद्यार्थी त्यानंतर काय बोलला तेही लिहा. नुसतं "येस सर" असेल तिथे फुली मारा. पहिला रकाना फुल्यांनी भरला असेल, तर पुढच्या महिन्यात बाकी काहीही न बदलता फक्त तीन सेकंदांची शांतता पाळा आणि पुन्हा मोजा.