क्रॉसकट स्लेड: काटकोन करवतीलाच विचारा

माझ्याकडच्या सगळ्या जिगांपैकी (काम नेमकं धरून कापायच्या साधनांपैकी) एकच ठेवा असं कुणी म्हटलं, तर मी क्रॉसकट स्लेड ठेवीन: टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल करवतीवर, लाकूड काटकोनात आडवं कापायची सरकती पाटी. ड्रॉवरच्या बाजू, फ्रेमच्या पट्ट्या, लहान डबे, सगळं तिच्यावरच होतं. सपाट तळ, त्याखाली मायटर स्लॉटमधून (सॉच्या टेबलातल्या लांब खाचांमधून) सरकणारे दोन रनर आणि वर काम टेकवायला फेन्स, म्हणजे उभी पट्टी, एवढाच तिचा संसार. बनवणं सोपं आहे. कस लागतो तो काटकोन लावताना, आणि तो नुसत्या गुण्याने लागत नाही. गुण्याची बाजू वीतभर, फेन्स दोन फूट. वीतभरात न दिसणारा फरक दोन फुटांत चांगला दिसतो.

आधी सॉ तपासा. प्लग काढा, ब्लेड पूर्ण वर घ्या आणि एका दातावर मार्करने खूण करा. तो दात पुढे आणून त्याचं स्लॉटपासूनचं अंतर मोजा, मग तोच दात मागे फिरवून पुन्हा मोजा. दात तोच हवा, म्हणजे ब्लेड किंचित वाकलेलं असलं तरी माप फसत नाही. फरक 0.1 मिमीच्या आत असेल तर पुढे चला. जास्त असेल तर आधी मॅन्युअल काढून तो दुरुस्त करा, स्लेड नंतर.

तळाला 12 मिमीचा न वाकलेला प्लाय पुरतो. रनरवर मात्र वेळ घालवा. सरळ रेषांचं, चांगलं वाळलेलं कठीण लाकूड घ्या आणि स्लॉटमध्ये बोटाने सरकेल पण डावी-उजवीकडे अजिबात हलणार नाही इतकं रंधून घ्या. जाडी स्लॉटच्या खोलीपेक्षा मिलिमीटरभर कमी ठेवा, नाहीतर तळाशी साचलेल्या भुशावर स्लेड चढते. बसवताना स्लॉटमध्ये वॉशर टाकून त्यावर रनर ठेवा, म्हणजे तो टेबलाच्या किंचित वर राहील. वरून दोन्हीकडून चिकटणारी टेप लावा, तळ त्यावर दाबा, मग स्लेड उचलून स्क्रू मारा. स्क्रूसाठी आधी भोक पाडा. न पाडता मारलेला स्क्रू लाकूड फुगवतो आणि रनर तिथेच अडतो. अडतोय कुठे हे शोधायला स्लॉटच्या कडांवर पेन्सिल घासा आणि स्लेड पुढे-मागे करा. रनरवर जिथे काळं चमकेल तेवढंच सँडपेपरने काढा. सगळीकडे घासत सुटलात तर रनर ढिला पडेल, आणि ढिल्या रनरला इलाज नाही, नवाच करा. शेवटी मेण चोळा.

फेन्स दोन लागतात. पलीकडची फक्त तळ एकत्र धरून ठेवते, ती कशीही चालेल. ती लावून तळात चीर पाडा, पण चीर दोन्ही टोकांपर्यंत नेऊ नका. आपल्याकडची फेन्स महत्त्वाची. 18 मिमी प्लायचे दोन थर सरळ पृष्ठभागावर दाबून चिकटवा. उजव्या टोकाला एक स्क्रू घट्ट मारा, गुण्याने चिरेशी अंदाजे काटकोन लावा आणि डाव्या टोकाला दुसरा स्क्रू मारा.

आता खरी परीक्षा. साधारण 400 मिमीचा चौरस एमडीएफ घ्या. तो ब्लेडच्या डावीकडे, फेन्सला टेकवून एक कड कापा. घड्याळाच्या दिशेने फिरवा, नुकतीच कापलेली कड फेन्सला लावा, पुढची कड कापा. अशा चारही कडा झाल्या की पाचव्या वेळी पहिलीच कड पुन्हा कापायची, या खेपेला बोटभर रुंद पट्टी निघेल अशी. कापण्याआधीच पट्टीच्या फेन्सकडच्या टोकावर ‘अ’ लिहा. सुटल्यावर दोन्ही टोकं सारखीच दिसतात.

पट्टीची दोन्ही टोकं कॅलिपरने मोजा. समजा ‘अ’ 25.80 आणि दुसरं 25.00 मिमी भरलं. फरक 0.80. यात एकच चूक चार वेळा साठलेली आहे, म्हणून चाराने भागा: 400 मिमीला 0.20. उजव्या स्क्रूपासून डावा स्क्रू 600 मिमीवर असेल, तर तिथे 0.30 मिमी सरकवायचं. ‘अ’ जाड असेल तर फेन्सचं डावं टोक स्वतःपासून लांब, पातळ असेल तर स्वतःकडे.

एवढंसं सरकवायचं कसं? सरकवायचंय त्या बाजूला, फेन्सच्या डाव्या टोकाशी एक ठोकळा लावा, मध्ये फीलर गेजची (नेमक्या जाडीच्या पातळ पत्र्यांच्या संचातली) 0.30 ची पट्टी धरा आणि ठोकळा क्लॅम्प करा. पट्टी काढा, डावा स्क्रू काढा, फेन्स ठोकळ्याला भिडवा आणि स्क्रू नव्या भोकात मारा. जुन्या भोकात मारलात तर तो फेन्स निमूटपणे जुन्या जागी ओढून नेतो. मग पाच काप पुन्हा. पट्टीच्या दोन टोकांत 0.1 च्या आत फरक आला की मी थांबते. त्याच्या पुढे लाकूडच हवेबरोबर हलतं.

फेन्समधून ब्लेड बाहेर येतं तिथे मागून एक जाड ठोकळा चिकटवा आणि अंगठे त्याच्या आसपास कधीच नकोत. टेबलालाही एक स्टॉप लावा, म्हणजे ब्लेड त्या ठोकळ्यातून आरपार जाण्याआधी स्लेड अडेल. रायव्हिंग नाइफ (ब्लेडच्या मागची, काप मिटू न देणारी पाती) असेल तर ती राहू द्या. हातमोजे आणि सैल बाह्या नकोत.

एकसारखे तुकडे हवे असतील तर फेन्सला स्टॉप ब्लॉक क्लॅम्प करा. त्याची खालची कड थोडी तिरकी उडवा, भुसा त्या फटीत जातो आणि माप वाढत-घटत नाही. स्लेड बाजूला ठेवून नुसत्या मायटर गेजने (स्लॉटमध्ये सरकणाऱ्या कोनपट्टीने) कापायचं आणि मापासाठी रिप फेन्सचाच (टेबलावरच्या, ब्लेडला समांतर फेन्सचाच) स्टॉप करायचा, हे आरपार कापात अजिबात करू नका: सुटलेला तुकडा ब्लेड आणि फेन्समध्ये अडकतो आणि मागचे दात तो उचलून तुमच्याकडे फेकतात. तसंच करायचं असेल तर रिप फेन्सवर, ब्लेडच्या बरंच अलीकडे, ठोकळा लावा. माप त्याला टेकवून घ्या, काप सुरू होईपर्यंत लाकूड त्याच्यापासून सुटलेलं असेल.