ग्राफिक्स चिपचा आर्किटेक्ट काय करतो, आणि त्या कामाची तयारी कशी करावी

छत्रपती संभाजीनगरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय असो की नांदेडची श्री गुरू गोबिंदसिंहजी संस्था, ‘मला ग्राफिक्स चिप तयार करायची आहे’ असे सांगणारा विद्यार्थी बहुधा व्हेरिलॉगचे, म्हणजे चिपचे सर्किट शब्दांत लिहिण्याच्या भाषेचे, पुस्तक उघडून बसतो. व्हेरिलॉग यायलाच हवे, पण आर्किटेक्टचे काम त्याच्या बरेच आधी सुरू होते. चिपमध्ये काय असावे आणि, त्याहून अवघड म्हणजे, काय नसावे हे तो ठरवतो, आणि तो निर्णय हिशेबाने सिद्ध करून दाखवतो. म्हणून तयारीची सुरुवातही वही-पेन्सिलीने करावी.

पहिला हिशेब असा मांडावा. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. दृश्यातल्या वस्तू एकमेकींच्या मागे-पुढे असल्याने प्रत्येक ठिपका सरासरी तीन वेळा रंगवला जातो असे धरा. प्रत्येक वेळी खोलीचे मूल्य (ठिपका पाहणाऱ्यापासून किती मागे आहे ते) वाचायला ४ बाइट, ते लिहायला ४, टेक्श्चर (वस्तूच्या पृष्ठभागावर चढवलेले चित्र) वाचायला ४ आणि रंग लिहायला ४ बाइट लागतात, म्हणजे तीन वेळांचे मिळून एका ठिपक्यामागे ४८ बाइट झाले. सेकंदाला ६० चित्रे काढायची तर मेमरीतून सेकंदाला सुमारे ६ गिगाबाइटची ने-आण होते. आता डीडीआर४-३२०० या प्रकारच्या मेमरीची एकच पट्टी बसवलेला नेहमीचा लॅपटॉप घ्या. त्याची मेमरी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ गिगाबाइट देते. इथवर सारे सुखरूप आहे. मात्र पडदा ३८४० बाय २१६० चा केला की ठिपके चौपट होतात, मागणी सुमारे २३.९ वर जाते, आणि तयार चित्र पडद्यावर पाठवण्यासाठी लागणारे आणखी २ गिगाबाइट मिळवले की मर्यादा ओलांडली जाते. प्रोसेसरचे स्वतःचे काम तर अजून धरलेलेही नाही.

जिनिंगमध्ये यंत्रे कितीही वाढवली, तरी फाटकावर वजनकाटा एकच असेल तर कापसाच्या गाड्या रस्त्यावरच उभ्या राहतात. चिपमधली गणन-एकके, म्हणजे गणिते करणारे भाग, वाढवून प्रश्न सुटेल असे नवख्याला वाटते. आर्किटेक्ट आधी काटा, म्हणजे मेमरीची ने-आण, पाहतो. झाकला जाणारा ठिपका रंगवण्यापूर्वीच ओळखून टाकून द्यावा, रंग आणि खोलीची माहिती आवळून साठवावी, कॅश (चिपच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) वाढवावी, की मोबाइलच्या अनेक चिपांप्रमाणे पडद्याचे छोटे तुकडे करून प्रत्येक तुकडा चिपच्या आतल्या मेमरीतच पुरा करावा, असे पर्याय त्याच्यापुढे असतात. प्रत्येक पर्यायाला सिलिकॉनची जागा, वीज आणि पडताळणीचे महिने मोजावे लागतात. कॅश दुप्पट करून वेग दोनच टक्के वाढत असेल, तर ‘नको’ म्हणणे हेच त्याचे काम.

अशा निर्णयाचे ठळक उदाहरण २००६ चे आहे. एनव्हिडियाच्या जीफोर्स ७९०० जीटीएक्समध्ये आकृतीच्या कोपऱ्यांचे गणित करणारी ८ आणि ठिपके रंगवणारी २४ एकके वेगवेगळी होती. दृश्यात ठिपक्यांचे काम वाढले की कोपऱ्यांची एकके रिकामी बसत. जणू खुरपणीची टोळी वेचणीच्या दिवसांत बांधावर बसून आहे. त्याच वर्षीच्या जीफोर्स ८८०० जीटीएक्समध्ये दोन्ही कामे करू शकणारी १२८ एकसारखी एकके आली. अशा एकसारख्या एककांमुळेच पुढे हीच चिप ग्राफिक्सबाहेरच्या गणितालाही सोयीची ठरली.

कंपनीतला दिवस मात्र फारसा नाट्यमय नसतो. सी++ मध्ये लिहिलेल्या, चिपची नक्कल करणाऱ्या प्रतिमानावर खऱ्या खेळांतली चित्रे चालवायची, अडणारी जागा शोधायची, बदल करून पुन्हा मोजायचे, आणि ठरलेली रचना इतक्या नेमकेपणाने लिहून काढायची की आरटीएल (व्हेरिलॉगसारख्या भाषेतले चिपचे वर्णन) लिहिणाऱ्या आणि पडताळणी करणाऱ्या दोन्ही गटांनी तिचा एकच अर्थ लावावा. माझ्या मते हे शेवटचे कौशल्य सर्वांत दुर्लक्षित आहे. चिप बाजारात येईपर्यंत काही वर्षे जातात, त्यामुळे आज अस्तित्वात नसलेल्या खेळांचाही अंदाज बांधावा लागतो.

पदवीनंतर थेट आर्किटेक्ट म्हणून नेमणूक क्वचितच होते. आरटीएल, पडताळणी, ड्रायव्हर किंवा कामगिरी-प्रतिमान यांपैकी एका दाराने आत शिरून काही वर्षे काढावी लागतात. गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन संगणक-रचनेत एम.टेक. करणे हा आपल्याकडून जाणारा सर्वांत सरळ रस्ता होय. एनव्हिडियाचे कार्यालय पुण्यात आहे, तर एएमडी, इंटेल आणि क्वालकॉमची मोठी कामे बेंगळुरू व हैदराबादेत चालतात.

तोवर घरी एवढे करावे. त्रिकोणाचे ठिपके शोधून रंगवणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे रास्टरायझर, सी++ मध्ये स्वतः लिहावा, मेमरीची प्रत्येक ने-आण त्यातच मोजावी, आणि मग त्याचा फक्त ‘ठिपका त्रिकोणाच्या आत आहे का’ हे तपासणारा भाग व्हेरिलॉगमध्ये उतरवून व्हेरिलेटर या व्हेरिलॉग चालवून पाहणाऱ्या साधनावर चालवावा. ही साधने फुकट आहेत आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. रेंडरडॉक या चित्र कसे घडले ते तपासणाऱ्या साधनात एखाद्या खेळाचे एक चित्र उघडून तोच ठिपका किती वेळा रंगवला गेला तेही पाहावे. आपण गृहीत धरलेले ‘तीन’ तिथे बहुधा चुकलेले आढळेल. तो फरक का पडला याचे कारण तारखेसह वहीत लिहून ठेवावे आणि मुलाखतीला जाताना ती वही सोबत न्यावी.