संगीत बालनाट्याच्या निवडीसाठी मुलाची तयारी करून घेताना

दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी हा बालनाट्याचा हंगाम. त्याआधी काही आठवडे तालमी आणि तालमींच्या आधी निवड. अशा निवडीची बातमी कळली की पुष्कळ घरांत एकच गोष्ट होते. एक गाणं आणि एक स्वगत हातवाऱ्यांसकट मुलाकडून घोटून घेतलं जातं. मला हे अगदी चुकीचं वाटतं. दिग्दर्शकाला तयार माल नको असतो. ‘आता हेच वाक्य घाबरून म्हण’ असं सांगितल्यावर मुलाला ते बदलता येतं का, हे तो पाहतो. घोटलेलं मूल तिथे अडतं. म्हणून तयारी करायची ती बदल करता येण्याची.

आधी चौकशी

सर्वात आधी मुलालाच विचारा. नाटक करायचं म्हणजे संध्याकाळचं खेळणं बुडणार, हे त्याला स्पष्ट सांगा आणि मग उत्तर ऐका. त्यानंतर संस्थेला विचारा: तालमी कुठे, किती वाजेपर्यंत? प्रयोग किती, दौरा आहे का? पैसे भरायचे आहेत का, तिकिटं खपवायची आहेत का? रंगपटात, म्हणजे मेकअपच्या खोलीत, मुलांसोबत कोण थांबणार? मुलांसाठी कोणत्या भूमिका आहेत, हेही विचारा. बालनाट्यात मोठ्या भूमिका अनेकदा मोठे नट करतात. २०१८ मध्ये पुन्हा रंगभूमीवर आलेल्या ‘अलबत्या गलबत्या’त चेटकीण वैभव मांगले यांनी केली होती. मुलगी चेटकिणीचं स्वप्न घेऊन जाणार असेल तर हे आधी कळलेलं बरं.

निर्मिती व्यावसायिक असेल तर बालकलाकारांबाबतचे कायदेशीर नियम माहीत असू द्या. चौदा वर्षांखालच्या मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. सलग २७ दिवसांहून अधिक गुंतवता येत नाही. मानधनाचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत जावा लागतो. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते. हे विचारायला संकोच करू नका. चांगली संस्था स्वतःच सांगते.

गाणं आणि पट्टी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ताना आणि हरकतींनी भरलेलं नाट्यगीत निवडण्याचा मोह होतो, कारण ते ऐकायला भारी वाटतं. पण मुलाला अर्थ कळतो असं, सोप्या चालीचं, शब्द स्पष्ट ऐकू येतील असं गाणं जास्त उपयोगी. मुखडा आणि एक अंतरा पुरे.

गाणं ठरलं की पट्टी शोधा, म्हणजे किती उंच ‘सा’ धरून गायचं ते ठरवा. बहुतेक चुका इथेच होतात. पुरुष गायकाने काळी एकमध्ये (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीला ‘सा’ धरून) गायलेलं गाणं मूल त्याच पट्टीत गायला लागलं की खालचे सूर नुसते पुटपुटल्यासारखे येतात. उलट फार वरच्या पट्टीत अंतऱ्याला ओरडा होतो. पेटी किंवा तानपुऱ्याचं ॲप घ्या. गाण्यातला सर्वात वरचा सूर मान न ताणता आणि सर्वात खालचा सूर ऐकू येईल असा लागेल, ती पट्टी ठरवा आणि वहीत लिहून ठेवा. कराओके ट्रॅक वापरणार असाल तर त्याची पट्टी तितकीच खालीवर करून घ्या. मात्र एकदा तरी ट्रॅकशिवाय, नुसत्या सुरावर गाऊन घ्या. निवडीच्या वेळी ‘असंच गा’ म्हणण्याची शक्यता असते.

तेरा-चौदाच्या मुलाचा आवाज फुटत असेल तर जुनी पट्टी सोडून द्या. खाली उतरा आणि तिथल्या संगीतकाराला सरळ सांगा. त्यात लपवण्यासारखं काही नाही, आणि ताणून गाण्याने घशाला त्रास होतो.

तालासाठी रोज थोडा वेळ हाताने टाळी देत गाऊ द्या. आठ मात्रांचा (ठोक्यांचा) केरवा आणि सहा मात्रांचा दादरा या तालांतला फरक टाळीत यायला हवा. मग गाणं तेच ठेवून लय वाढवा, कमी करा. तबलजीला ‘थोडं सावकाश घ्या काका’ हे मुलाने स्वतः सांगायला शिकावं, आईने मागून नव्हे.

वाचन आणि अभिनय

अनेक ठिकाणी संहितेचं पान हातात देतात आणि लगेच वाचायला सांगतात. इंग्रजी माध्यमातल्या मुलांची मराठी बोलायला उत्तम असते, पण वाचताना जोडाक्षरांवर ती थबकतात आणि मग अभिनय राहून जातो. उपाय एकच, रोज एक पान मोठ्याने वाचणं. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे अंक त्यासाठी छान आहेत. ‘चमचा’तला च आणि ‘चित्र’मधला च, न आणि ण, ल आणि ळ हे कान देऊन ऐका.

पाठ केलेल्या उताऱ्याचा खेळ करा. तोच उतारा आजोबांना झोपेतून उठवताना म्हण, बस चुकतेय असा म्हण, गुपित सांगतोस तसा म्हण. कसं करायचं ते करून दाखवू नका. मुलं तुमची नक्कल करतील आणि ती लगेच ओळखू येते. ‘तू कोणाशी बोलतोयस? त्याच्याकडून तुला काय हवंय?’ एवढेच प्रश्न विचारा.

नाचासाठी खास क्लास लावायची गरज नाही. पाहून आठ मात्रांची हालचाल उचलता येणं आणि चुकलं तरी न थांबणं, एवढं जमलं तर बास.

निवडीचा दिवस

आदल्या दिवशी मैदानावर आरडाओरडा नको, बर्फाचा गोळा नको. सकाळी कोमट पाणी आणि हलकं खाणं. कपडे साधे, हालचाल करता येईल असे. केस बांधलेले, मेकअप नको. घरी पाच मिनिटं गुणगुणून आवाज मोकळा करू द्या.

आत पालकांना बहुधा सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. नाव, वय, इयत्ता मुलाने नेहमीच्या आवाजात सांगावी. शब्द विसरले तर ‘पुन्हा सुरू करू का?’ विचारण्याची मुभा असते, हे त्याला आधीच सांगून ठेवा. बाहेर आल्यावर ‘सगळं म्हटलंस ना?’ असं विचारू नका. त्याला सांगावंसं वाटेल ते सांगू द्या.

स्वतंत्र भूमिका न मिळता समूहात निवड झाली तर नाराज होऊन नकार कळवण्याआधी मुलाला आठवडाभर तालमीला जाऊ द्या. समूहातलं मूल बहुतेक प्रत्येक गाण्यात रंगमंचावर असतं आणि आधाराला सूर धरायला तिथेच शिकतं. निवड झालीच नाही तर दिग्दर्शकाला नम्रपणे विचारा की सूर, वाचन की हालचाल, कशावर काम करू. मिळालेलं उत्तर मुलाला जसंच्या तसं सांगा आणि पुढची निवड कधी आहे ते विचारून ठेवा.