नागपुरी उन्हात कूलर कसा लावावा

मार्च उलटला की नागपुरात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. 23 मे 2013 ला इथला पारा 47.9 अंशांवर गेला होता, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, 45 अंश तर कुणाला नवलाचे वाटत नाहीत. एसी सगळ्यांना परवडत नाही, घराघराला तारतो तो कूलरच. पण तो नीट लावला नाही तर खोली नुसती दमट होते, आणि विजेकडे दुर्लक्ष केलं तर जीवही जातो.

कूलर गारवा तयार करत नाही, हे आधी लक्षात घ्या. माठाचंच तत्त्व आहे: पाण्याची वाफ होते तेव्हा ती हवेतली उष्णता ओढून घेते. हवा जितकी कोरडी, तितकं हे काम जोरात. दुपारी 45 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल तर चांगल्या ओल्या ताटीतून (कूलरच्या बाजूंना लावलेल्या गवताच्या जाड थरातून) येणारी हवा 28 ते 30 अंशांपर्यंत उतरते. कोकणात 35 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेत तोच कूलर जेमतेम पाच अंश कमी करेल. म्हणून मुंबईच्या पाहुण्यांना त्याचं कौतुक समजत नाही.

1. जागा

कूलर खिडकीच्या बाहेर, तोंड आत करून बसवा, म्हणजे त्याला सतत कोरडी हवा मिळेल. उत्तरेची किंवा पूर्वेची खिडकी उत्तम. पश्चिमेचीच असेल तर वर हिरवी जाळी किंवा तट्ट्या बांधून सावली करा, मात्र ताट्यांना चिकटवू नका.

2. हवेला बाहेरची वाट

सगळ्यात जास्त चूक इथे होते. गारवा बाहेर जाईल या भीतीने लोक दारं-खिडक्या गच्च लावून घेतात. तासाभरात चादर ओलसर लागते, अंग चिकचिक करतं आणि दोष कूलरला मिळतो. आत येणारी हवा तितकीच बाहेर गेली पाहिजे. समोरच्या बाजूची खिडकी वीतभर उघडा आणि तिथे पेटती अगरबत्ती धरा. धूर सरळ बाहेर ओढला गेला तर झालं. तो खोलीतच घुटमळत असेल तर खिडकी आणखी उघडा. झोपायच्या खोलीत गारवा हवा असेल तर तिथलीच खिडकी उघडी ठेवून बाकीच्या बंद करा, हवा आपोआप तिकडे वळते.

कूलर नवा घेत असाल तर खोली मोजून घ्या. 12 बाय 12 ची, 10 फूट उंच खोली म्हणजे 1,440 घनफूट. दर दोन मिनिटांनी एवढी हवा बदलायची तर मिनिटाला 720 घनफूट, म्हणजे तासाला सुमारे 1,200 घनमीटर हवा फेकणारा कूलर लागेल.

3. ताट्या

गवताच्या ताट्या दरवर्षी बदला. वाळ्याच्या महाग पडतात, पण पहिलं पाणी पडताच घरभर जो वास सुटतो, त्यासाठी मी एक तरी बाजू वाळ्याची लावतेच. मग पंखा न लावता फक्त पंप दहा मिनिटं चालवा आणि ताट्या जवळून पाहा. कुठे कोरडा पट्टा दिसला तर वरच्या पन्हळीची भोकं क्षाराने बुजलेली असतात. प्लग काढून ती खिळ्याने मोकळी करा. कोरड्या पट्ट्यातून येते ती निव्वळ झळ.

टाकीत बर्फ टाकण्यात फारसा अर्थ नाही. एक लिटर पाणी वाफ होताना जेवढी उष्णता शोषतं, ती एक किलो बर्फ वितळताना शोषतो त्याच्या सातपट असते.

4. वीज

माझ्या मावशीने चालू कूलरमध्ये बादलीने पाणी ओतलं आणि पत्र्याला हात लागताच ती फेकली गेली. वाचली, पण तो हात आठवडाभर बधिर होता. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या धक्क्याने माणसं दगावतात, लहान मुलंही. म्हणून घरात सगळ्यांना एकच नियम शिकवा: आधी प्लग काढायचा, मगच पाणी. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. तीन पिनांचाच प्लग वापरा, घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. पंपाची वायर सोललेली दिसली तर टेप गुंडाळू नका, पंपच बदला. लोखंडी बॉडीच्या कूलरजवळ मुलांना अनवाणी खेळू देऊ नका.

5. पाणी

बोअरचं पाणी जड असतं. वाफ होते ती पाण्याची, क्षार टाकीतच साठतात. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा, कडा ब्रशने घासा आणि उन्हात कोरडी होऊ द्या. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेलगत अंडी चिकटवतो आणि ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. त्यामुळे नुसतं पाणी बदलून भागत नाही, घासणं हवंच.

मृगाच्या सरी आल्या की पंप बंद करा आणि नुसता पंखा चालवा. पाऊस स्थिरावला की ताट्या काढा, टाकी पुसा, दोन दिवस कडक ऊन दाखवा आणि मगच कूलर झाकून माळ्यावर ठेवा.