जुन्या वाड्याचा गारवा परत कसा आणावा

नागपूरच्या महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यात एसी बसवायचा विचार असेल, तर आधी एक करा. नवतप्यात, म्हणजे मे अखेरीस सुरू होणाऱ्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, बाहेर ४५ अंश असताना, भरदुपारी घरभर फिरा आणि कुठली खोली जास्त तापते ते बघा. बहुतेक वेळा तापते ती नंतर बदललेली जागा: चौकावरचा पत्रा, बुजवलेला झरोका, सिमेंटने लिंपलेली भिंत. कामाला तिथूनच हात घाला.

पहिलं, चौक मोकळा करा. गरम हवा वर चढते आणि चौकातून निघून जाते. पत्र्याने ती वाटच अडते. माकडांचा त्रास असेल तर जाळी लावा. रात्री नऊनंतर सगळी दारं-झरोके उघडा, सकाळी आठच्या आत लावून घ्या. जाड भिंती रात्रीचा गारवा दुपारपर्यंत धरून ठेवतात. याला एक पैसा लागत नाही.

मग भिंती. इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. विटा-चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढला की आतली ओल बाहेर पडत नाही, आणि ओली भिंत कोरडीपेक्षा जास्त उष्णता आत आणते. पोकळ वाजणारा गिलावा तेवढा छिन्नीने हळूच काढा; घट्ट धरलेला ठोकून काढलात तर विटाच फुटतील. हिवाळाभर भिंत वाळू द्या, नंतर चुन्याचा गिलावा करा. तो उन्हात भरभर वाळला तर तडकतो, म्हणून काम उन्हाळ्याच्या आत उरका आणि काही दिवस ओली पोती टांगा. वरून चुन्याचीच सफेदी द्या, प्लास्टिक पेंट नको.

छपरावरचे कवेलू (कौलं) काढून स्लॅब टाकू नका. फुटलेले बदला, खालून वाशांना लाकडी फळ्यांचं छत स्क्रूने बसवा, मधे हवेची पोकळी ठेवा. पुढे कुणाला काढायचं झालं तर मूळ लाकडाला फारसा धक्का लागणार नाही.

सागवानी खिडक्या दुरुस्त करा, फटी बुजवा. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक लावा. ऊन तावदानाच्या आत आलं की पडद्याचा फारसा उपयोग होत नाही.

एवढं झाल्यावर आपल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर सहसा पुरतो, फक्त समोरची खिडकी थोडी उघडी हवी. जुना पंखा साधारण ७५ वॉट खातो, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा नवा पंखा तीसेक. सोलर पॅनेल रस्त्यावरून न दिसणाऱ्या उतारावर बसवा, त्याआधी वासे तपासून घ्या. वाडा वारसा यादीत असेल तर कामाआधी महापालिकेची परवानगी काढा.