लॉकडाऊनमधे आपलं दुकान उघडायचं की नाही, हे आदेशात कसं बघायचं

पुन्हा लॉकडाऊन लागू नये हीच इच्छा, पण लागलाच तर पहिलं काम एकच, व्हॉट्सॲपवर आलेली "काय सुरू काय बंद" वाली यादी सरळ बाजूला ठेवा. २०२० मधे काय आणि २०२१ मधे काय, पुण्याची यादी दर्यापुरात फिरत होती, मागच्या महिन्याची यादी आजची म्हणून फिरत होती आणि दुकानदार बिचारा शटर अर्धं वर करून पोलिसांची गाडी येते का ते बघत उभा. आपल्याला पाहिजे जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, त्याच्यावर तारीख, क्रमांक आणि सही असलेला. तो जिल्ह्याच्या सरकारी वेबसाइटवर टाकतात, तहसीलच्या नोटीस बोर्डावर लागतो, नाहीतर ग्रामसेवकाला किंवा पोलीस पाटलाला मागा, त्यांच्या ग्रुपवर पीडीएफ आलेलीच असते.

आता जिल्हाधिकाऱ्यांचाच काऊन? तर आदेश निघतात तीन ठिकाणाहून. दिल्लीतून केंद्रीय गृह मंत्रालय, मुंबईतून राज्याचे मुख्य सचिव, आणि जिल्ह्यात आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून जिल्हाधिकारी, सगळं २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली. याच्यात गोम अशी की वरच्यानं बंद सांगितलेलं खालचा उघडू शकत नाही, पण वरच्यानं उघडलेलं खालचा बंद करू शकतो. म्हणून टीव्हीवर "दुकानं उघडणार" असं दिसलं तरी आपल्या जिल्ह्यात ते बंदच असू शकतं. २०२१ च्या मे महिन्यात हेच झालं, राज्याच्या आदेशात किराणा सकाळी ७ ते ११ सुरू होता आणि आपल्या विदर्भातल्या काही जिल्ह्यांनी तोही बंद करून फक्त घरपोच ठेवला. फेब्रुवारीत तर बहुतेक महाराष्ट्र सुरू असताना अमरावती आणि अचलपूर बंद होतं.

मग तारीख बघायची. हे फार लोक करत नाहीत. २४ मार्च २०२० चा केंद्राचा पहिला आदेश काढून बघा, त्यात रेशन दुकान, किराणा, भाजी, दूध, मटण-मासे, जनावरांचा चारा, बँक, पेट्रोल पंप, गॅस हे सगळं आहे, पण खत-बियाण्याचं दुकान त्यात नाही! कृषी केंद्र आलं २७ मार्चच्या दुरुस्तीत, त्याच्यातच बाजार समिती आली, शेतीची कामं आली. ट्रॅक्टरचे पार्ट आणि औजारं दुरुस्तीची दुकानं तर त्याच्याही नंतर, एप्रिलच्या सुरुवातीला. म्हणजे ज्यानं पहिलाच आदेश वाचून कुलूप लावलं तो तीन दिवसांनी उघडू शकत होता आणि त्याला पत्ताच नाही. तेव्हा आदेशाच्या खाली "शुद्धिपत्रक", "सुधारित आदेश", "स्पष्टीकरण" असं काही मागाहून आलं का ते रोज संध्याकाळी बघत जा, कारण आदेश बहुतेक रात्रीच निघतात.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या बोर्डावर काय लिहिलंय याला किंमत नाही, तुम्ही विकता काय त्याला आहे. खेड्यातलं दुकान म्हणजे एकाच ठिकाणी तेल-साखर, चपला, मोबाईल रिचार्ज, बांगड्या, उंदराचं औषध, सगळंच. अशा वेळी किराणा सुरू आहे म्हणून चपला विकायला मोकळीक मिळत नाही. २०२१ मधे मोठ्या मॉलसारख्या दुकानांनाही हेच सांगितलं होतं की परवानगी असलेला माल विका, बाकीचा भाग बंद ठेवा. तर चपलांच्या रॅकवर चादर टाका, दोरी बांधा, आणि कोणी "भाऊ एकच जोड द्या ना" म्हणलं तरी काढू नका, कारण दंड त्या एका जोडावरच होतो.

२० एप्रिल २०२१ च्या आदेशात ७ ते ११ मधे काय काय होतं ते नीट वाचा, पुढंही यादी साधारण अशीच राहील: किराणा, भाजी, फळं, दूध, बेकरी, मिठाई, चिकन-मटण-मासे-अंडी, शेतीची औजारं आणि शेतमालाशी संबंधित दुकानं, पाळीव प्राण्यांचं खाद्य, आणि पावसाळ्याच्या तयारीचं सामान. हे शेवटचं आपल्याकडे लोकांच्या लक्षातच येत नाही, म्हणजे घरावर टाकायची ताडपत्री, कुटाराच्या गंजीवर झाकायचं प्लास्टिक. ज्याच्याकडे हा माल आहे त्यानं आदेशातली ती ओळ पेननं अधोरेखित करून काउंटरवर चिकटवायची. घरपोच मात्र सकाळी ७ ते रात्री ८ होतं, म्हणून ११ ला शटर पडलं तरी फोनवर ऑर्डर घेऊन पोराला सायकलवर पाठवता येत होतं. आणि ११ म्हणजे ११ ला शटर खाली, ११ ला शेवटचं गिऱ्हाईक आत घ्यायचं असं नाही. कृषी केंद्रवाल्यांना हे फार जड जातं राजेहो, वीस किलोमीटरवरून बियाण्यासाठी माणूस येतो आणि तोवर साडेदहा वाजलेले असतात. त्यावर उपाय एकच, आदल्या दिवशी फोनवर नावं लिहून घ्या, बिल करून ठेवा, गावागावाचा माल एकत्र काढून ठेवा.

सेवेची दुकानं वेगळी धरा. २४ एप्रिल २०२० ला केंद्रानं ग्रामीण भागात मॉल सोडून सगळी नोंदणीकृत दुकानं उघडा म्हणलं, तर लोकांनी सलूनही उघडले, आणि लगेच दुसऱ्या दिवशी खुलासा आला की सलून आणि हॉटेल यात नाही. कारण तिथं माल विकत नाही, सेवा देता. राज्यात सलून सुरू झाले २८ जून २०२० ला आणि तेव्हाही कटिंगला परवानगी, दाढीला नाही. म्हणून "दुकानं सुरू" असं वाचून सलूनवाल्यानं, चहावाल्यानं, खानावळवाल्यानं लगेच खूश व्हायचं नाही, आपला शब्द यादीत येईपर्यंत थांबायचं. याउलट मोटारसायकल मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, सुतार यांना २० एप्रिल २०२० पासून केंद्राची परवानगी होती. हायवेवरचा ढाबा आणि ट्रक दुरुस्तीचं गॅरेजही होतं, गावातलं हॉटेल मात्र नाही. पंख्यांच्या दुकानांचं तर वेगळ्या पत्रानं नाव घेतलं, २१ एप्रिलला. नागपूर-अकोल्याच्या उन्हात पंखा काय वारा देतो ते दिल्लीवाल्यांना कोण सांगणार, कूलर कुठं लिहिलाच नव्हता. पानठेले आणि दारूची दुकानं केंद्राच्या आदेशात मे २०२० मधे अटी घालून आली, सहा फूट अंतर, एका वेळी पाचच माणसं. वर्धा-गडचिरोलीत दारूबंदीच, तिथल्या लोकांना दारूच्या सुटीचा अर्थात काही उपयोग नव्हता. आणि आठवडी बाजार आणि गुरांचा बाजार हे दुकान सुरू झालं म्हणजे सुरू झाले असं धरू नका, त्यांचा आदेशात वेगळा उल्लेख असतो.

जंगलपट्ट्यातल्या लोकांसाठी, १६ एप्रिल २०२० च्या पत्रात आदिवासी आणि वनात राहणाऱ्यांना गौण वनोपज गोळा करायला परवानगी दिली होती. मोहफुलाच्या हंगामात हे कागद हातात असलेलं बरं.

तुमचं गाव "ग्रामीण" आहे का हेही तपासा, हसू नका. सूट बऱ्याचदा "नगरपालिका हद्दीबाहेर" अशी लिहितात, आणि बऱ्याच तालुक्याच्या गावांना आता नगर पंचायत आहे, म्हणजे दिसायला खेडं पण कागदावर शहर. आणि कंटेनमेंट झोनमधे, म्हणजे रुग्ण निघाले म्हणून बंद केलेल्या भागात, घर-दुकान आलं की वरचं सगळं विसरा, तिथं फक्त जीवनावश्यक.

जून २०२१ सारख्या पाच लेव्हल पुन्हा आल्या तर पॉझिटिव्हिटी (शंभर तपासण्यांत किती जण कोरोनाचे निघाले) आणि ऑक्सिजन बेड किती भरले यावर जिल्ह्याची लेव्हल ठरते. तिसऱ्या लेव्हलला बाकीची दुकानंही सोमवार ते शुक्रवार चारपर्यंत होती, चौथीत ती बंद. लेव्हल आठवड्याला बदलत होती, म्हणून नवीन माल भरायच्या आधी ती बघा.

उघडायचं ठरलं की कागद जवळ ठेवा, शॉप ॲक्टची पावती (दहापेक्षा कमी कामगार असतील तर ऑनलाइन सूचना दिल्याची पावती मिळते), कृषी केंद्राचा परवाना, खाण्याच्या मालाचा परवाना, आणि आदेशाची प्रिंट. दुकानापुढं चुन्यानं गोल आखा, आणि मास्क नसलेल्याला आत घेऊ नका, नोव्हेंबर २०२१ च्या नियमात विनामास्क गिऱ्हाइकाला ५०० दंड होता आणि दुकानदाराला १०,०००.

आणि तुमचा धंदा यादीत सुरूमधेही नाही आणि बंदमधेही नाही, असं झालं तर ठाणेदाराला तोंडी विचारून उघडू नका, उद्या ड्युटीवर दुसरा असतो. तहसीलदारांच्या नावे साध्या कागदावर अर्ज, त्यात दुकानाचा पत्ता, नेमका कोणता माल, किती माणसं काम करतात, आणि आदेशातला कोणता मुद्दा लागू होतो असं तुम्हाला वाटतं तो क्रमांक. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का मारून घ्या. शिक्का म्हणजे परवानगी नाही, लेखी उत्तर येईस्तोवर शटर खालीच राहू द्या.